मायची पाठ

आमचा मळा मंगरूळच्या बाहेर, इंझोरीकडं जाणाऱ्या गाडीवाटेला लागून होता. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या आणि पुढं तुराट्यांचा एक मांडव. मला जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरीनं. आबा बैलांना विहिरीच्या धावेवरून खाली हाकताना एक लांब, एकसुरी हाळी घालायचे. मोट वर येऊन उलटली की पाणी धबाक्यानं थारोळ्यात पडायचं आणि दांडातून मिरचीच्या वाफ्यांकडं पळायचं. त्या सगळ्यावर मायच्या भाकरी थापण्याचा आवाज असायचा. तिचे तळहात ज्वारीच्या पिठावर असे पडायचे, की परातीखालची जमीनसुद्धा वाजते आहे असं वाटावं. बाजारात न खपलेली वांगी घरी परत यायची, म्हणून आमच्याकडं सदा वांगीच असायची. चुलीत भाजलेलं वांगं, त्यावर हिरवी मिरची, वरून मूठभर सांबार. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि अजूनही मी बाजारात सांबारच मागते.

मायचं चालणं मला आजही डोळ्यांपुढं दिसतं. वांग्यांचं डालं डोक्यावर घेऊन ती बाजाराला निघाली की मान आणि डालं जागच्या जागी असायचं, आणि खाली कंबर, गुडघे, टाचा पाण्यासारख्या हलायच्या. पुढं मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली, आसनं शिकवली, बाळंतिणींच्या कमरा आणि म्हाताऱ्यांचे गुडघे या हातांखालून गेले, पण तशी चाल मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. तिला ती कुणी शिकवली नव्हती, आणि ती चाल गेली तेव्हा परत कशी आणायची हेही तिला ठाऊक नव्हतं.

ती पडली तेव्हा मी दांडाच्या पलीकडं मेथी खुडत होते. मायला सातवा महिना होता. भरलं डालं घेऊन ती दांड ओलांडत होती आणि तिचा पाय शेवाळावरून सरकला. ती ओरडली नाही. मी वर पाहिलं तर वांगी वाफ्यात घरंगळत होती आणि माय दांडाच्या काठावर आडवी पडून आभाळाकडं बघत होती. चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगा होता, मेलेला. आबांनी त्याला मळ्याच्या कोपऱ्यात, बाभळीखाली पुरलं. आम्हा दोघी बहिणींनंतरचा तो मुलगा होता, पण त्याच्याबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण तोवर मायच्या पाठीनं दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती.

तिला सरळ होता येईना. कूस बदलता येईना. गुडघे पोटाशी घेऊन, डाव्या अंगावर, ती बाजेवर पडून असायची आणि शिंकली तरी कळवळायची. आबांनी काय केलं नाही? तिला पाठीवर घेऊन दर्ग्यात नेलं, तिथल्या मुजावरानं मोरपिसांचा कुंचा फिरवला. हाडं बसवणारा एक माणूस आला, त्यानं कढत तेलानं कंबर रगडली आणि तिची कातडी भाजली. मग गाडीत गवत घालून तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी नस दबली आहे असं सांगितलं, एक बाटली दिली आणि पडून राहायला सांगितलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक धोंड्याला माय कण्हत होती आणि आबा बैलांना "हळू रे, हळू" म्हणत होते. मी आबांना रडताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी, तेही पाठमोरे.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. धाकटी कासी पाच वर्षांची. घर माझ्यावर आलं. माझ्या भाकरी कडेला जळायच्या आणि मधे कच्च्या राहायच्या. आबा त्या मुकाट्यानं खायचे. मायला मी भरवायची, पुसायची, तिच्याखालचं फडकं बदलायची, आणि ती भिंतीकडं तोंड करून असायची. मळ्यात तण माजलं. मिरची झाडावरच लाल होऊन सुरकुतली. बाजाराला कोण जाणार, खुरपायला कोण जाणार, हे सवाल आबांच्या तोंडावर होते, पण ते विचारत नव्हते. एकदा दुपारी मायनं मला जवळ बोलावलं.

"यमुने, माह्यानं आता काही होत नाही," ती म्हणाली. "तुह्या बापाले मी मधातच अडकवून ठेवलं हाय."

मी तिच्या ओठांना पाण्याचा तांब्या लावला. 

झुंबरबाई आमच्या घरी आली ती वांगी घ्यायला. पन्नाशीची, उंच, वाळकी बाई, केस पुरुषासारखे आखूड, लुगड्याचा कासोटा घट्ट. मागं एका उरुसात आलेली सर्कस मंगरूळातच मोडली होती, मालक जनावरं विकून निघून गेला आणि ही मागं राहिली, एवढं गावाला ठाऊक होतं. दर्ग्याजवळच्या एका खोलीत राहून ती जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. तरणी असताना ती उंच झुल्यावरची कामं करायची, तंग कपड्यांत, हजार माणसांसमोर, म्हणून बायका तिच्याशी बेतानंच बोलायच्या. ती मूळची घाटाकडची. तिच्या बोलण्यात गावोगावची हिंदी मिसळली होती.

मी वांगी मोजत होते तेवढ्यात आतून मायचा आवाज आला. झुंबरबाई थबकली.

"कोण आहे आत?"

"माय हाय. तिची कंबर गेली."

मायला ती बाजारातून रकमाबाई म्हणून ओळखत होती; ती न विचारताच आत गेली. मायकडं पाहिलं, मग बाजेकडं पाहिलं. बाजेची सुतळी मधे ढिली होऊन पार झोळ पडला होता.

"हिला या झोळीत कुणी टाकलं?"

"डॉक्टरनं पडून राहा म्हनलं," मी म्हणाले.

"पडून राहा म्हटलं असेल. मुरून राहा असं नाही म्हटलं. बापाला बोलव. हिला खाली घ्यायचं."

आबा आले. त्यांनी त्या बाईला आपादमस्तक पाहिलं. पण माणूस सगळीकडून हरला की कुणाचंही ऐकतो. दोघांनी मिळून मायला वाकळेसकट उचललं आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. झुंबरबाईनं तिच्या गुडघ्यांखाली कडब्याची एक पेंढी सरकवली, तिच्या शेजारी स्वतः आडवी झाली आणि आपला एक हात मायच्या कमरेखाली घातला.

"रकमाबाई, माझा हात दाबू नका. त्याला फक्त ऊब द्या. दम आत घ्या, आता सोडा. आहिस्ता."

बराच वेळ ती तशीच पडून होती. ना चोळणं, ना ओढणं. आबा कंटाळून मोटेकडं गेले. मला वाटलं, ही बाई आम्हाला फसवते आहे. मग मायचा जबडा सैल झालेला मला दिसला. किती दिवसांनी तिनं भिंतीऐवजी छताकडं पाहिलं.

झुंबरबाई म्हणाली, "पाठ भ्यालीये हिची. भ्यालेल्या जनावराला ओढायचं नसतं. त्याच्याजवळ बसून राहायचं." आणि मग माझ्याकडं वळून, "मला रोज यायला जमणार नाही. मायसाठी माझे हात तू व्हायचं. पण आधी स्वतःच्या अंगावर शिकावं लागेल."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. दुपारच्या भाकरी झाल्या की मी तिच्या खोलीवर पळायची. मला वाटलं होतं, कोलांट्या शिकवील, हातांवर चालायला शिकवील. तिनं मला जमिनीवर उताणं झोपवलं, पाठीच्या कमानीखाली ज्वारीचा एक वाळका धांडा सरकवला आणि म्हणाली, "हा मोडायचा नाही, आणि सुटायचाही नाही. आता एक टाच सरकव पुढं." मी टाच सरकवली आणि धांडा कटकन मोडला. दुसरा आणला. तोही मोडला. असे धांडे मी किती मोडले असतील. मला हुंदका यायचा, तर ती म्हणायची, "रड, पण दम धरून ठेवू नकोस. दम धरला की अंग दगड होतं." तीन आठवडे मी श्वास, टाच आणि कमरेचं तिळाएवढं हलणं, याखेरीज काही शिकले नाही. मग एक दिवस धांडा मोडला नाही. झुंबरबाईनं शाबासकी दिली नाही. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं कळलं ना? हेच आता तुझ्या हातांना मायमधे शोधायचंय."

झुल्यावरून पडून ती स्वतः आठ महिने एका शहरातल्या दवाखान्यात होती. तिथं सर्कशीतल्याच एका म्हाताऱ्या उस्तादानं रोज येऊन तिला हे शिकवलं होतं, अंगठ्यापासून. नातीनं परवा मला फोनवर पुण्यातला तिचा वर्ग दाखवला, पिलाटेस म्हणतात म्हणे. स्प्रिंगा, पट्टे, त्यात अडकवलेले पाय. मी पाहत राहिले. झुंबरबाईकडं स्प्रिंगा नव्हत्या. तिनं आमच्या आढ्यावरून मायचं एक जुनं लुगडं सोडलं, त्याच्या झोळात मायचा पाय ठेवला आणि म्हणाली, "वजन लुगड्याला द्या. पाय मात्र तुमच्याजवळ ठेवा." आणि जो पाय दोन महिन्यांत बोटभर सरळ झाला नव्हता, तो त्या झोळात हळूहळू पुढं गेला, मागं आला. कासी शेजारी बसून बघत होती. तिला तो पाळणा वाटला.

होळीपर्यंत माय आपली आपण कूस बदलू लागली. मग पालथी होऊन कोपरांवर आली, मग मांजरीसारखी हातापायांवर. पाडव्याला ती भिंतीला टेकून दोन भाकरी होईपर्यंत बसली आणि मला म्हणाली, "पानी जास्त घालून राह्यली तू पिठात." मला इतका आनंद झाला की मी पीठ सांडलं.

पण मळा थांबायला तयार नव्हता. आबा एकटे मोट हाकायचे, एकटे खुरपायचे, एकटेच भाजी बाजाराला न्यायचे. त्यांचे गाल आत गेले होते. इंझोरीहून आत्याबाई आली ती तेव्हा. आत्याबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, आणि ती वाईट बाई नव्हती हे मला आता कळतं. मांडवात बसून तिनं आबांना सांगितलं, तिच्या नात्यात अंजना नावाची एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, वर्षापूर्वी नवरा मेला, अंगानं दणकट, कामाला वाघीण. तिच्याशी पाट लावून घे. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्यात पाट म्हणायचे.

"रकमा कूस बदलते आता," आबा म्हणाले.

"कुशीवर मळा पिकते काय?" आत्याबाई म्हणाली. "तिले काही घरातून काढू नको. राहू दे. पन हे पोरगी अजून दोनच वर्स हाय तुह्या घरात, मंग ते बी जाईन. मंग कोन करन?"

आबांनी आतल्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "अखजीपर्यंत पाहू. तवर रकमा उभी राह्यली तं मले कोनी नाही पाह्यजे."

आत माय सगळं ऐकत होती. मीही ऐकत होते. अखजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, वीस दिवस उरले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात झुंबरबाईला हिवताप आला. मी गेले तर ती वाकळांच्या ढिगाखाली थडथडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आहे तेच करत राहा. उभं करायचं नाही अजून. तिची पाठ अजून हो म्हणत नाही." मी हो म्हटलं. पण वाटेवर माझ्या डोक्यात वीस दिवसच वाजत होते. हो कधी म्हणणार ती पाठ? अखजी झाल्यावर?

तो बाजाराचा दिवस होता. आबा भाजी घेऊन गेले होते. कासी मांडवात झोपली होती. मी मायला हातापायांवर आणलं, दाराच्या चौकटीजवळ नेलं आणि म्हणाले, "माय, आज उभी राह्य."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण भीतीपेक्षा मोठं असं दुसरं काहीतरी होतं. ती म्हणाली, "धर मले."

मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती अर्धी वर आली. गुडघे सरळ होईनात. माझ्या हातांना तिच्या पाठीतला तो दगड कळत होता, आज इतरांच्या पाठीत कळतो तितकाच स्पष्ट. मला थांबायला पाहिजे होतं. पण माय म्हणाली, "ओढ यमुने, ओढ," आणि मी माझा गुडघा तिच्या कमरेला लावून सगळ्या ताकदीनं तिला सरळ केलं.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. ती माझ्या हातातून खाली गेली. खाली पडल्यावर तिचं लुगडं ओलं झालं, आणि तिला ते कळलं नाही. मी तिचा डावा पाय हलवला, चिमटा काढला.

"कोनता पाय धरला?" तिनं विचारलं.

आबा आले तेव्हा मी तिच्या उशाशी बसून होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बाहेर गेले, मोट न जुंपता त्यांनी बैल मोकळे सोडले, आणि घराकडं पाठ करून विहिरीच्या काठावर बसून राहिले. दोन दिवसांनी खबर कळून आत्याबाई आली तेव्हा ते म्हणाले, "लाव तू पाट." तेवढंच.

लोक मला विचारतात, तुम्ही शिष्यांना कधी हात लावून वाकवत का नाही, कुणाच्या पाठीवर भार का देत नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर हे आहे, की जे टाळण्यासाठी मी तिला ओढलं तेच माझ्या ओढण्यानं घडलं. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

अकरा दिवस मायचा डावा पाय तिचा नव्हता. ती पुन्हा भिंतीकडं वळली. जेवण बंद केलं. मी घास तोंडाशी नेला की ती ओठ मिटून घ्यायची. एका दुपारी ती अगदी शांतपणे म्हणाली, "यमुने, मले जरा हिरीच्या काठावर नेऊन ठेवतं काय? हवा येईन तठी." मला कळलं. तेरा वर्षांच्या पोरीलाही ते कळतं. मी कासीला तिच्या कुशीत बसवलं, म्हणाले, "इथून उठू नको, मायले सोडू नको," आणि भर उन्हात अनवाणी झुंबरबाईकडं पळाले.

ती तापातून उठली होती, काठीसारखी झाली होती. मी तिच्या पायांशी पडून बोलले. तिला सगळं कळायला वेळ लागला. मला वाटलं, आता ही मला हाकलून देईल. ती पाणी प्यायली आणि काठी घेऊन निघाली. वाटेत तीनदा बसली.

मांडवात आबा उभे होते. "तुमी जा बाई," ते म्हणाले. "पुरे झालं तुमचं शिकवनं."

"जाते. तिला बघते आणि जाते."

"पोरीनं तिले मोडली."

"पोरीनं नाही, घाईनं मोडली. आणि ती घाई या घरात कुणी आणली ते तुम्हाला ठाऊक आहे."

आबांचा चेहरा पडला. ते दारातून हलले मात्र नाहीत. तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, अकरा दिवसांतला पहिला मोठा आवाज. "येऊ द्या तिले."

झुंबरबाई तिच्या शेजारी आडवी झाली, पहिल्या दिवसासारखीच. मी दाराशी उभी होते. मी विचारलं, "पाय वापस येईन काय?"

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. खोटा धीर देणं तिला येत नव्हतं. "तू इकडं ये. हिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेव. हलवायचा नाही. नुसता ठेव, आणि वाट बघ."

मी हात ठेवला. त्या अंगठ्याला काही कळत नव्हतं. मायनं तोंड वळवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुहा हात थंडा हाय." मी म्हटलं, "तुले कळून राह्यलं?"  आपल्याला कळलं हे तिलाही तेव्हाच कळलं. त्या संध्याकाळी तिनं पातळ कण्या खाल्ल्या, अर्धी वाटी.

अखजी आली. मी चिंचगुळाच्या पाण्याची चिंचोणी केली, शेवया केल्या, पितरांना घागर भरली. माय पुन्हा कोपरांवर यायला लागली होती, बस. पाट ठरलेलाच होता. शब्द गेला होता आणि तो मागं घेणं आबांच्या हातात राहिलं नव्हतं, निदान ते तसं समजत होते. अखजीनंतर चार दिवसांनी छकडा जुंपून ते आणि आत्याबाई अंजनाच्या गावाला गेले. जाताना ते मायजवळ येऊन उभे राहिले.  मायच म्हणाली, "बैलाले पानी पाजून न्या."

ते दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होते. छकडा वाटेला लागल्याबरोबर माय, शेजारी येऊन बसलेल्या झुंबरबाईला म्हणाली, "मले उभं राहाचं हाय."

"अजून महिना थांबा रकमाबाई."

"उद्या ते पोरगी येईन. पहिल्या दिशी मी तिले पडलेली दिसली, तं जन्मभर पडलेलीच राहीन. माह्या घरात मी तिले उभी राहून घेतो. मंग पडलो तं पडलो."

झुंबरबाईनं मायचा डावा गुडघा चाचपून पाहिला. ती कधीच घाई करत नसे, आणि मला खात्री होती की ती नाही म्हणेल. तिनं मला विचारलं, "तुझ्या हातांना काय वाटतं? पाठ काय म्हणते?"

मी मायच्या कमरेखाली हात घातला.  मी पुष्कळ वेळ थांबले. "भ्याली नाही," मी म्हणाले. "थकली हाय. पन भ्याली नाही."

"मग तू ओढायचं नाही. तिनं वर यायचं, आपण फक्त वाट मोकळी ठेवायची."

त्या दिवशी आम्ही उभं राहणं तुकड्यातुकड्यानं केलं. कुशीवर. तिथून हातापायांवर. एक गुडघा पुढं, तळवा जमिनीला. तिथं दम. चौकटीवर एक हात, मग दुसरा. तिथं पुन्हा दम. कितीतरी वेळा ती तिथूनच खाली बसली. डावा गुडघा आपोआप दुमडायचा, म्हणून झुंबरबाईनं त्याला लुगड्याच्या पट्टीत कडब्याच्या दोन काड्या घालून बांधलं. दिवस कलताना माय चौकटीला धरून उभी राहिली. चार श्वास. मग ती बसली. पडली नाही, बसली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती हसत नव्हती.

सकाळी छकड्याच्या घुंगरांचा आवाज लांबूनच आला. मायनं मला भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणायला सांगितलं. नव्या नवरीवरून भाकरतुकडा ओवाळतात, तो. आत्याबाई छकड्यातून उतरली, मांडवाच्या तोंडाशी आली आणि तिनं मायला चौकटीत उभं पाहिलं. तिचा पदर खांद्यावरून सरकला तो तिनं सावरला नाही. मग तिची नजर माझ्या हातातल्या तांब्याकडं गेली.

"पाटाच्या बाईले ओवाळत नसते वं रकमा," ती म्हणाली.

"माह्या घरात ओवाळते," माय म्हणाली.

अंजना मांडवात उभी होती. हिरवं लुगडं, मान खाली, हातात एक बोचकं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असेल नसेल. तिनं चोरून वर पाहिलं तेव्हा मला दिसलं, ती आमच्याइतकीच घाबरलेली होती. आबा बैलांजवळ होते. त्यांनी जू अर्धं उतरवलं होतं आणि तसंच हातात धरून ते मायकडं पाहत होते.  मी मायच्या उजव्या अंगाला होते. मी तिला धरलं नव्हतं. तिचा डावा गुडघा त्या पट्टीतही थरथरत होता.

मायनं एक हात चौकटीवर ठेवला, दुसऱ्यानं तुकडा घेतला, अंजनावरून तीनदा उतरवला आणि बाहेर टाकला. मी तिच्या पायांवर पाणी घातलं. मग माय तिला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जशी ती मला पिठात पाणी किती घालायचं ते सांगायची, "ये आत. मले जास्त येळ उभं राहाता येत नाही, तं लवकर ये."